मोटारीतील फोनचा आधार
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी मला चार शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात ‘आपला समाज आणि शिक्षण’ असा काहीसा विषय असावा. त्या विषयावर आपण अनेक वर्षे भाषणे ऐकत आला आहात. मीही ती केली आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यात भर घालण्यासारखे माझ्याजवळ आता काही उरलेले नाही. म्हणून आज मी एका वीतभर वस्तूविषयी बोलणार आहे. मोटारीत चालकासमोर मोबाइल फोन ठेवण्यासाठी जो आधार लावतात, ज्याला बाजारात होल्डर किंवा स्टँड म्हणतात, ती ही वस्तू. मागच्या रांगेतील मुले हसत आहेत, ते मला दिसते आहे. हसा. मीही पहिल्यांदा हसलो होतो.

आपल्या वस्तीतील एक गृहस्थ भाड्याची गाडी चालवतात. त्यांचे नाव मी सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. यवतमाळहून रुग्णांना सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नाही तर नागपूरला न्यायचे आणि परत आणायचे, हा त्यांचा मुख्य धंदा. सेवाग्रामची वाट त्यांना पाठ आहे. नागपुरात मात्र कोणते रुग्णालय कोणत्या गल्लीत आहे, कोणता रस्ता उड्डाणपुलाच्या कामासाठी बंद आहे, हे फोनवरील नकाशावाचून कळत नाही. तेव्हा समोर फोन हवा आणि फोनला आधार हवा. त्यांनी बाजारातून एक आधार घेतला. काच धरून ठेवणारी रबरी वाटी, त्यातून निघालेला लांब हात, हाताच्या टोकाला गोळा आणि गोळ्यावर फोन पकडणारा चिमटा, अशी त्याची रचना. आपण सर्वांनी ती पाहिली आहे.

एका रात्री कळंब सोडल्यानंतर एका गतिरोधकावर गाडी जरा जोरात आदळली आणि हात मुळापासून मोडला. फोन उडाला, चालकाच्या पायाशी पडला, घरंगळत ब्रेकच्या पायपट्टीखाली गेला आणि तेथे अडकला. पुढे वळण होते. पाय दाबला तर पट्टी अर्ध्यावरच थांबली. मागे डायलिसिसचा रुग्ण आणि त्याची बायको. गृहस्थ जुने चालक. त्यांनी गिअर खाली घेतला, हातब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या कपाशीच्या वावरात नेऊन उभी केली. कोणाला खरचटलेही नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण घरी आल्यावर दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी माझ्याकडे आली. ती तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेला माणूस, म्हणून वस्तीतील मुले असली कामे घेऊन माझ्याकडे येतात. तिने मोडलेल्या आधाराचे तुकडे रुमालात बांधून आणले होते. ते टेबलावर ठेवून ती म्हणाली, “सर, हे का मोडलं ते मला बघायचं आहे.” ‘नवीन कोणते घेऊ’ असे तिने विचारले नाही. पुढचे सारे काम या एका वाक्यातून निघाले, म्हणून ते मी आपल्याला सांगतो.

त्याआधी कायद्याची बाजू सांगून टाकतो, कारण सभागृहात गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. आपल्या देशात मोबाइलवरून पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला होता. तेव्हा गाडीत नकाशा दाखवणारा फोन ही कल्पनाही आपल्याकडे नव्हती. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणे हे धोकादायक चालवण्यात मोडू लागले, आणि पहिल्या गुन्ह्यास एक हजारापासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड आणि कैदेचीही तरतूद झाली. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे फोनचा उपयोग केवळ रस्ता पाहण्यासाठी, आणि तोही चालकाचे चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने, करता येतो. म्हणजे आधार लावला की बोलायला परवाना मिळाला, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ती सोडून द्यावी. ताशी ६० कि.मी. वेगाने गाडी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर जाते. फोनवरचे नाव वाचायला दोन सेकंद सहज लागतात, आणि ३३ मीटरमध्ये आपल्या शाळेची अख्खी इमारत बसेल.

आता तुकड्यांकडे येऊ.

पहिला तुकडा म्हणजे मोडलेला हात. भिंग घेऊन पाहिले तर मोडलेल्या जागेचे दोन भाग दिसले. एक भाग गुळगुळीत, मळकट, जुना. दुसरा पांढरट, खरखरीत, ताजा. याचा अर्थ असा की तो हात त्या रात्री मोडला नव्हता. तो कित्येक महिने मोडत होता. दररोज केसाएवढी चीर पुढे सरकत होती, आणि त्या रात्री उरलेला भाग तुटला. चीर सुरू कोठून झाली, तर हात आणि वाटीचे बूड जेथे काटकोनात मिळतात, त्या आतल्या धारदार कोपऱ्यातून.

विद्यार्थी मित्रांनो, या कोपऱ्याला मोठा इतिहास आहे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि ५० हून अधिक माणसे मेली. लोखंडाचा जाड आस, वरून धडधाकट दिसणारा, मोडतो कसा? दुसऱ्याच वर्षी रँकिन नावाच्या तरुण स्कॉटिश अभियंत्याने दाखवून दिले की आसाची जाडी जेथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात चीर पडते आणि फिरता फिरता आत शिरते. तेथे कोपरा न ठेवता गोलाई ठेवा, असा त्याचा सल्ला होता. पुढे जर्मनीत व्होलर याने रेल्वेचे आस वर्षानुवर्षे फिरवून, वाकवून पाहिले, आणि जे वजन एका वेळी सहज पेलते तेच लाखो वेळा आल्यास धातू मोडतो हे नियमात बसवले. यालाच आपण धातूचा थकवा म्हणतो. प्लॅस्टिकही थकते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट आजही बाजारातील वस्तूंत पाळली जात नाही, कारण साचा बनवणाऱ्याला काटकोन सोपा पडतो आणि घेणारा कोपऱ्याकडे पाहत नाही. बैलबंडी करणारा सुतार मात्र खाचेच्या आतला कोपरा किंचित गोल ठेवतो. त्याने रँकिन वाचलेला नसतो, मोडलेल्या बंड्या पाहिलेल्या असतात.

दुसरा तुकडा रबरी वाटी. तिच्याविषयी लोकांचा गैरसमज फार आहे. वाटी वजनाने सुटते असे आपल्याला वाटते. हिशेब करून पाहा. वाटीचा व्यास ६ सें.मी. असेल तर क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सें.मी. होते. आपल्या डोक्यावरील हवा दर चौरस सें.मी.वर जवळजवळ एक किलो वजनाने दाबते. वाटीखालची हवा पूर्ण काढता आली तर ती सुमारे २७ किलो ओढ सोसेल. तिसरा हिस्सा काढली तरी ९ किलो. फोनचे वजन कव्हरासकट पाव किलोच्या आत. मग वाटी सुटते का? हवा आत शिरते म्हणून. अशा पुष्कळ वाट्या मऊ केलेल्या पीव्हीसीच्या असतात. तो मऊपणा त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे असतो, आणि उन्हात ते द्रव्य हळूहळू बाहेर येते. कडा कडक होतात, काचेला घट्ट बसत नाहीत, त्यात आपली धूळ. भर म्हणून, दुपारी वाटीखालची उरलेली हवा तापून फुगते. त्यामुळे ती बरेचदा उभ्या गाडीत, कोणी हात न लावता, सुटून पडते. तेव्हा आपण मुलांना रागावतो.

उन्हाचे नाव निघाले म्हणून सांगतो. यवतमाळचा मे महिना मी आपल्याला काय सांगावा! सावलीत ४५ अंश झाले की वर्तमानपत्रात बातमी येते. पण बंद काचांच्या गाडीत, काचेखालच्या डॅशबोर्डवर ७० ते ८० अंश सहज होतात, ती बातमी कोठे येत नाही. ॲपल, सॅमसंग यांसारख्या कंपन्या आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. अशा पत्रकांत आपला विदर्भ धरलेला नसतो.

या उन्हाने आम्हालाही एक धडा दिला. मुलीने पहिला नमुना संगणकावर काढला आणि एका ठिकाणी त्रिमितीय छपाई यंत्रावर तयार करून घेतला. कोपरे गोल, हात आखूड, दिसायला सुरेख. मीच पाठ थोपटली. तो मार्च महिना होता. एप्रिलच्या मध्यावर तिचे वडील तो घेऊन आले, तर हाताने मान टाकली होती, पाण्याविना झेंडूचे रोप टाकते तशी. छपाईसाठी वापरलेले प्लॅस्टिक पीएलए होते, आणि ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. हे मला ठाऊक होते. पण मी तिला विचारले नव्हते, आणि तिने मला. एबीएस सुमारे १०० अंशांपर्यंत टिकते, पॉलिकार्बोनेट त्याहून पुष्कळ वर, १४० च्याही पुढे. वस्तू कोठे राहणार हे पदार्थ निवडण्याआधी विचारायचे असते, हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक वस्तू नको त्या पदार्थाची झाली.

मग आम्ही संगणक बाजूला ठेवला आणि पुठ्ठा घेतला. येथे मला एका बुजुर्गाची आठवण करून द्यावीशी वाटते. अल-जझरी हे नाव आपण सभांतून ऐकतो. मुसलमानांनी विज्ञानात काय केले हे सांगताना ते घेतले जाते, आणि टाळ्या पडतात. टाळ्यांपलीकडे त्यांनी काय केले ते पाहा. दियारबकरच्या अर्तुकी दरबारात नोकरी करणाऱ्या या कारागिराने १२०६ साली यंत्रांचा एक ग्रंथ पुरा केला. त्यात पाण्याची घड्याळे आहेत, पाणी उपसण्याची यंत्रे आहेत. पण मला त्यातील लहान गोष्टी मोठ्या वाटतात. लाकूड वाकू नये म्हणून पातळ फळ्या एकावर एक चिकटवाव्यात, वाळूच्या बंद साच्यात धातू ओतावा, चाकाचा तोल आधी तपासून घ्यावा, आणि वस्तू करण्यापूर्वी तिचा कागदी नमुना करून पाहावा, हे त्यांनी सांगितले आहे. दुसऱ्या कारागिराला ती वस्तू करता यावी, इतके तपशील त्यांनी दिले. आमचा पुठ्ठ्याचा नमुना हा त्या कागदी नमुन्याचा आठशे वर्षांनंतरचा भाऊ समजा. पुठ्ठ्याचे अकरा नमुने झाले. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे यासाठी उत्तम, हे मी अनुभवाने सांगतो.

पुठ्ठ्याने जागा ठरवून दिली. काचेवर मध्यभागी लावला तर रस्त्याचा तुकडा झाकला जातो. एसीच्या जाळीला चिमटा लावला तर उन्हाळ्यात गार हवेने फोन निवतो, हा फायदा खरा. पण त्या जाळीच्या पट्ट्या पातळ असतात आणि फोनचे वजन घेण्यासाठी केलेल्या नसतात. शिवाय एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा : ज्या झाकणावर ‘एअरबॅग’ असे शब्द किंवा अक्षरे उठवलेली असतात, त्यावर आणि त्याच्या समोर काहीही लावू नका. ती पिशवी पापणी लवण्याआधी, सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास, फुगते. समोर आधार असेल तर तो आपल्याच तोंडावर गोळीसारखा येईल. नव्या मॉडेलच्या मोटारींत पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली आहे, तेव्हा हा विचार आता जवळजवळ प्रत्येकाला करणे भाग आहे. या गृहस्थांची गाडी जुनी, डाव्या बाजूला एअरबॅग नाही. मुलीने जागा निवडली ती स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, डॅशबोर्डच्या उभ्या भागावर, नजर रस्त्यावरून थोडी खाली आणली की दिसेल अशी.

आता कंपनाचा हिशेब. तो मला फार आवडतो, म्हणून थोडा वेळ घेतो. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहू नये. कोणतीही लवचिक वस्तू धक्का दिल्यास आपल्या ठराविक गतीने डुलते. ही गती मोजायला महागडे यंत्र लागत नाही. फोन ठेवल्यावर आधाराचे टोक किती मिलिमीटर खाली जाते ते मोजा, त्याचे वर्गमूळ काढा, आणि १६ ला त्याने भागा. येणारी संख्या म्हणजे एका सेकंदातील डोलांची संख्या. टोक ४ मि.मी. खाली जात असेल तर ८ डोल, १ मि.मी. असेल तर १६, पाव मि.मी. असेल तर ३२. तसलाच एक बाजारी आधार आम्ही मोजला. हाताची लांबी १८ सें.मी., टोक २ मि.मी. खाली, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ डोल. इकडे खराब रस्त्यावर मोटारीचे चाक स्वतःच्या स्प्रिंगवर सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा थरथरते. झोपाळ्याला त्याच्याच तालात झोका द्यावा तसा रस्ता त्या आधाराला झोका देत होता! तो महिनोन्महिने टिकला, हेच आश्चर्य.

उपाय दोन. हात आखूड करा किंवा जाड करा. पट्टीची लांबी तिसरा हिस्सा केली तर टोकाचे झुकणे तिसरा हिस्सा होत नाही, तिन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, म्हणजे सत्ताविसावा हिस्सा होते. जाडीचेही तसेच, दुप्पट जाडी केली तर झुकणे आठवा हिस्सा. म्हणून मुलीने हात ६ सें.मी.चा केला आणि प्लॅस्टिक सोडून २५ मि.मी. रुंद, ३ मि.मी. जाड अशी लोखंडी पट्टी घेतली. ही पट्टी यवतमाळात कोणत्याही लोखंडाच्या दुकानात मिळते. वाकवताना आतल्या बाजूला गोलाई राहावी म्हणून तिने पट्टी एका जाड सळईवर वाकवली, व्हाइसच्या धारेवर नाही.

कागदावर हा हात सेकंदाला शंभरावर डोल देतो. गाडीत लावला, तर गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून, फोनवरची अक्षरे धूसर दिसू लागली. मला काही सुचेना. मुलगी गॅरेजमधून फिलर गेज घेऊन आली, मिस्त्री लोक प्लगमधील फट मोजतात ती. तिने टोकाचे झुकणे मोजले, तर जवळजवळ अर्धा मि.मी. लोखंडी पट्टी एवढी वाकणे शक्य नाही. मग वाकत होते काय? डॅशबोर्ड! पट्टी मजबूत झाली, पण ती ज्यावर बसवली ते पातळ प्लॅस्टिकच आत-बाहेर होत होते. अर्धा मि.मी. म्हणजे सेकंदाला २२-२३ डोल. आणि चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभे असले की सेकंदाला सुमारे २७ ठोके देते. गाठ पडली ती येथे. उपाय साधा निघाला. डॅशबोर्डच्या मागे तळहाताएवढा पत्रा ठेवून स्क्रू त्यातून आरपार घेतले आणि एक पाय आतल्या लोखंडी आडव्या दांड्याला बांधला. अक्षरे स्थिर झाली. मात्र भोक पाडण्यापूर्वी मागे वायरी कोठे आहेत हे मिस्त्रीकडून पाहून घेतले होते. हे कोणी घरच्या घरी अंदाजाने करू नये.

कंपनाचा त्रास फोनलाही होतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपल कंपनीने स्वतःच जाहीर केले की मोटारसायकलच्या मोठ्या इंजिनाची कंपने हँडलवाटे फोनमध्ये गेल्यास कॅमेऱ्यातील नाजूक भाग बिघडू शकतो. तेव्हा जी मुले बुलेटच्या हँडलवर महागडा फोन बांधून दारव्हा रोडने फिरतात, त्यांच्या वडिलांनी हे ऐकून ठेवावे.

राहता राहिला चिमटा. बाजारी आधारात फोनचे वजन दोन्ही बाजूंच्या पकडीवर असते, म्हणजे स्प्रिंग सैल झाली की फोन गेला. मुलीने खाली एक काठ केला, फळीच्या कडेसारखा, आणि पाठ किंचित मागे कलती ठेवली. वजन काठ घेतो. बाजूच्या दोन कानांचे काम केवळ फोन सरकू न देण्याचे. वरून एक रबरी पट्टा, एका हाताने निघणारा. हे रबर ट्रकच्या जुन्या ट्यूबचे, पंक्चरच्या दुकानातून फुकट आणलेले. ट्यूब सहसा ब्युटाइल रबराची असते, आणि ऊन-हवेने ती साध्या रबरासारखी लवकर तडकत नाही. नट साधे लावले असते तर ते कंपनाने सुटलेच असते. आडव्या हिसक्यांनी घट्ट आवळलेला नटही कसा उलगडत जातो, हे गेरहार्ट युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवले. म्हणून आत नायलॉनचे कडे असलेले नट घातले. साऱ्याचा खर्च एका बाजारी आधारापेक्षा कमी आला, आणि बाजारी आधार ते वर्षाला दोन-तीन घेत असत.

येथे काम झाले असे मी म्हणालो. मुलगी म्हणाली, “सर, यावर कोणाचं डोकं आपटलं तर?” मी गप्प बसलो. मोडू नये, मोडू नये, असे म्हणता म्हणता आम्ही माणसाच्या चेहऱ्यासमोर लोखंडाची धार उभी केली होती. मोटारीच्या आतल्या भागांविषयी संयुक्त राष्ट्रांचा एक नियम आहे, क्रमांक २१. डोके आपटू शकेल अशा जागी पुढे आलेल्या कडांना किमान २.५ मि.मी.ची गोलाई हवी, असे तो सांगतो. ३ मि.मी.च्या पट्टीला एवढी गोलाई येणारच नाही. मग कडा कानशीने घासल्या, सारी पट्टी जाड रबरात गुंडाळली, आणि हात व काठ यांच्या जोडावर एक बारीक ॲल्युमिनियमचा पिन घातला. रोजच्या धक्क्याला तो टिकतो, मोठा आघात झाला तर तो तुटून आधार खाली लोंबतो. नेमका केवढा पिन लावायचा, यासाठी तिने वाळूच्या पिशव्या टांगून सहा पिन तोडले. हा भाग अजून माझ्या मनासारखा झालेला नाही. तिच्याही नाही.

हा आधार दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे त्या गाडीत आहे. मी मुद्दाम तिच्या वडिलांना विचारले. ते म्हणाले, “सर, पोट्टीनं केलं म्हणून सांगत नाही. दोन वर्षांत एक स्क्रू कसला नाही.” आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, “तिला त्या मशिनच्या कोर्सले पाठवाले मीच नाही म्हणत होतो.” हे मला ठाऊक होते. दहावीनंतर तिच्या प्रवेशाचा अर्ज भरला तेव्हा घरात आठ दिवस चूल पेटली तरी जेवण गोड लागले नव्हते. लोक काय म्हणतील, लेथवर ओढणी अडकली तर, सोबत कोण, असे प्रश्न. यांतील ओढणीचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर वर्कशॉपचा बंद गळ्याचा एप्रन हे आहे. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे तिच्या आईने दिली, ती येथे सांगण्याजोगी नाहीत.

पालकांपैकी काहींनी मला विचारले की याचे पुढे काय. दोन वाटा आहेत. वस्तूच्या रूपाची नोंदणी डिझाइन कायदा २००० प्रमाणे करता येते, तिचे संरक्षण दहा वर्षे असते आणि आणखी पाच वर्षे वाढवता येते. पण आमच्या वस्तूचे मर्म रूपात नाही, आणि पट्टी वाकवून आधार करणे ही काही नवी युक्ती नव्हे. म्हणून पेटंटच्या फंदात तिने पडू नये, असे माझे मत आहे. दुसरी वाट शिक्षणाची. पदविका पुरी झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आपल्याच जिल्ह्यात पुसदला १९८३ पासून आणि यवतमाळला १९९६ पासून अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिने अर्ज भरला आहे. निकालाची वाट पाहणे चालू आहे.

दरम्यान वस्तीतील आणखी चार गाड्यांसाठी आधार करून हवे आहेत. त्यांतील दोन गाड्या नव्या आहेत. डॅशबोर्डला भोक पाडले तर कंपनी हमी नाकारील, आणि एअरबॅगमुळे जागाही फार थोडी उरते. तेथे लोखंडी पट्टी चालणार नाही. पॉलिकार्बोनेटचा पाया, खाली उष्णता सोसणारी चिकट पट्टी आणि तोच ६ सें.मी.चा हात, असा पुठ्ठ्याचा नमुना झाला आहे. चिकट पट्टी आमच्या मे महिन्यात टिकते की नाही, हे मे आल्यावरच कळेल.

मोडलेला बाजारी आधार, मान टाकलेला पीएलएचा नमुना, पुठ्ठ्याचे अकरा तुकडे आणि तुटलेले सहा पिन बाहेर प्रदर्शनाच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर मांडले आहेत. शेजारी भिंग ठेवले आहे. पहिल्या तुकड्यातील जुनी चीर आणि नवी चीर वेगळी ओळखता येते का, ते कार्यक्रम संपल्यावर जाऊन पाहा. भिंग मात्र शाळेचे आहे, ते परत ठेवा.